आडवेरावांचा पोशाख

ताईच्या जेवणाच्या टेबलावर तेरा वस्तू मांडलेल्या होत्या. मोटरसायकलवर घालायचं पोपटी जाकीट एक, त्याची चेन अर्ध्यावर अडकलेली. नडगीला बांधायचे फुटबॉलचे पॅड दोन. कोपराचे पॅड दोन, एक निळा, एक काळा. वेल्डिंगचे हातमोजे दोन, दोन्ही डाव्या हाताचे. सायकलचं हेल्मेट एक. आतल्या थर्माकोलला कानामागे पाच सेंटिमीटरची चीर. पोहण्याचा गॉगल, कमरेचा पट्टा, शिट्टी आणि टॉर्च, प्रत्येकी एक. शेवटी गळ्याशी गाठ मारून पाठीवर सोडायचा एक लांब झगा. मी दोनदा मोजलं. तेरापैकी कामाच्या वस्तू दोन होत्या, शिट्टी आणि टॉर्च.

“झग्याचं कापड ओळखलंस का?” ताई म्हणाली. “हॉलमधला पडदा आहे. त्या खिडकीला मी दोन महिने वर्तमानपत्र चिकटवून होते.”

मी एका प्रयोगशाळेत नोकरी करते. कारखान्यांत वापरायची हेल्मेट, हातमोजे, बूट आमच्याकडे येतात. आम्ही ते फोडतो, फाडतो, जाळतो आणि किती टिकले ते लिहून देतो. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मिळालेली ही पहिलीच नोकरी. ताईचे यजमान मला नावाने हाक मारत नाहीत, ‘प्रयोगशाळा’ म्हणतात.

“काय प्रयोगशाळा, पास की नापास?” भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. उजव्या भुवईवर सात टाके, त्यामुळे तो डोळा अर्धा मिटलेला.

“नापास. हेल्मेट आजच्या आज टाकून द्या. आणि हातमोजे दोन्ही डावे कसे?”

“दुकानदाराने जोडी म्हणूनच दिले.”

“आणि हा झगा?”

“तो लागतो. त्याशिवाय पोरं ओळखत नाहीत.”

“पोरं ओळखतात तसे भांडणारेही ओळखतात. धरून ओढायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. लिफ्टच्या मोटरजवळ तुम्ही सैल कपडे घालून जाता का?”

भाऊजी बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतायत. त्यांना ते लगेच पटलं. त्यांनी झग्याची घडी घातली आणि ताईसमोर धरली. “घ्या बाईसाहेब. तुमचा पडदा परत.”

“आता काय त्याची फडकी करू?” ताई म्हणाली, पण घेतला.

हे सगळं वर्षभरापूर्वी सुरू झालं होतं. कामावरून परत येताना बाजारातल्या गल्लीत दोन माणसं हातघाईवर आलेली दिसली. एकाच्या हातात सळई होती. भाऊजींच्या डोक्यावर वेल्डिंगचा मुखवटा होता, काढायचा राहून गेलेला. त्यांनी तो खाली ओढला आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. समोरचे दोघे थबकले. तेवढ्यात लोक मध्ये पडले आणि भांडण मिटलं. भाऊजींनी यावरून एक निष्कर्ष काढला. साध्या शर्टातला माणूस मध्ये पडला तर त्यालाही दोन बसतात. तोंड झाकलेला माणूस मध्ये पडला तर लोक आधी बघतात. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा ते आठ ते हाताला लागेल ते अंगावर चढवून त्या गल्ल्यांतून फिरायचे. उतारावरून सुटलेली हातगाडी त्यांनी छातीने थोपवली होती. पर्स हिसकावून पळणाऱ्या एकाच्या वाटेत नुसते उभे राहिले होते आणि तो येऊन त्यांच्यावर आपटला होता. त्यांची सगळी युद्धकला म्हणजे आडवं जाणं. म्हणून पोरांनी नाव ठेवलं आडवेराव.

निघताना ताई मला सोडायला जिन्यापर्यंत आली. दार मागे ओढून घेतलं.

“छोटे, चांगलं करू नकोस.”

“काय?”

“पोशाख गं. चांगला झाला तर हा रोज जाईल. आता निदान लागतं तरी. टाके पडले की आठ दिवस घरी बसतो. त्या आठ दिवसांत मला झोप लागते.”

“म्हणजे मी मुद्दाम वाईट करू? उद्या कोणी डोक्यात सळई घातली तर?”

“वाईट कोण म्हणतंय? लागायला नकोच. पण अंगात घालायचाच कंटाळा येईल असं काहीतरी कर. उकडेल, टोचेल, जड होईल. तुला कळतं यातलं.” तिने जिन्याचा कठडा धरला. “रोज सहा ते आठ मी विधवा होण्याची तालीम करते. फोन वाजला की आधी पायात चपला घालते. मग कळतं, दातांच्या दवाखान्यातून आहे, उद्याची वेळ बदललीय.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन भाऊजींना समोर बसवलं आणि वर्षभरात कुठे कुठे लागलं ते विचारलं. त्यांना सव्वीस मार आठवले. हाताच्या पुढच्या भागावर अकरा, नडगीवर सहा, खांद्यावर चार, डोक्यावर तीन, बरगड्यांत दोन.

“हा बरगडीतला कोणी मारला?”

“कोणी नाही. दार होतं. मी ढकललं, ते ओढायचं होतं.”

“तो मोजू का?”

“मोज की. दुखलं तेवढंच.”

आकडे बघितल्यावर पोशाखाचा आराखडा जवळजवळ आपोआप तयार झाला. हा माणूस मारत नाही, हात वर करून उभा राहतो. म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण मनगट ते कोपर. तिथे बाहेर कडक कवच, आत मऊ फोम. मान मोकळी हवी, कारण वळून बघता आलं नाही तर बाकी सगळं फुकट. कॉलर ओढली तर फाटण्याऐवजी सुटावी म्हणून तिथे शिवणीऐवजी वेल्क्रोची पट्टी. हातमोज्यांची बोटं टोकाला उघडी, नाहीतर जखमेवर पट्टी बांधणार कशी. कापड कापलं न जाणारं, काच कारखान्यातले कामगार हाताला घालतात त्या जातीचं. रंग पोपटीच ठेवला. त्याबद्दल त्यांनी माझं काही ऐकलं नाही.

साहेबांच्या परवानगीने एका शनिवारी भाऊजींना प्रयोगशाळेत नेलं. शिल्पकार वापरतात तसल्या मातीची लादी ठेवली आणि एक मीटर उंचीवरून दोन किलोचा लोखंडी गोळा सोडला. खड्डा सत्तावीस मिलिमीटर. मग मातीवर नवं हाताचं कवच ठेवून तोच गोळा सोडला. पाच मिलिमीटर.

“पाच म्हणजे कसं?” भाऊजींनी खड्ड्यात करंगळी घालून बघितली.

“काळंनिळं पडेल. मोडणार नाही.”

“आणि सत्तावीस म्हणजे?”

“मोडेल.”

ते बराच वेळ दोन्ही खड्डे आळीपाळीने बघत राहिले. “वर्षभर मी सत्तावीसमध्ये हिंडत होतो तर,” ते म्हणाले. मला त्या क्षणी माझ्या नोकरीचा फार अभिमान वाटला.

पूर्ण पोशाखाचं वजन सहा किलो दोनशे ग्रॅम भरत होतं. अडुसष्ट किलोच्या माणसाला ते सहज पेलतं. म्हणजे ताईचं काम झालं नव्हतं. त्याच आठवड्यात मला एक उत्तर सुचलं आणि ते मला देखणं वाटलं, हे लिहिलंच पाहिजे. संरक्षण एका मिलिमीटरनेही कमी करायचं नाही. फक्त वजन वाढवायचं. चार लोखंडी पट्ट्या, प्रत्येकी एक किलो सहाशे ग्रॅम. दोन पाठीच्या अस्तरात, दोन मांड्यांना बाहेरच्या बाजूने. एकूण बारा किलो सहाशे. मी गणित मांडलं. सवय नसलेला माणूस एवढं वजन अंगावर घेऊन चाळीस मिनिटांत थकेल, आठवडाभरात कंटाळेल, दोन आठवड्यांत पोशाख माळ्यावर जाईल. कोणाला लागणार नाही, कोणी खोटं ठरणार नाही, ताईला झोप लागेल.

जाड कापड घरगुती मशीनवर शिवलं जात नाही, म्हणून शिवणकाम गाड्यांची सीट-कव्हरं शिवणाऱ्या एका शिंप्याकडे दिलं होतं. त्याने पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली.

“मॅडम, ही कुठे बसवायची म्हणालात?”

“मांडीला. बाहेरून.”

“तिथे कोण मारतं?”

“मारू शकतं कोणी.”

“ट्रकच्या सीटला पण एवढं लोखंड नसतं हो.”

“तुम्ही शिवा.”

“माझं काय जातंय,” तो म्हणाला आणि दुहेरी शिवण घातली.

भाऊजींना मी सांगितलं की पट्ट्या मणक्यासाठी आहेत आणि मांडीच्या पट्ट्यांनी तोल राहतो. दोन्ही वाक्यं मी सलग, न अडखळता बोलले. त्यांनी पोशाख चढवला, दोनदा उठाबशा काढल्या, आणि खूश होऊन म्हणाले, “जड आहे. म्हणजे पक्कं आहे. आमच्या धंद्यात हलक्या वस्तूवर कोणी भरवसा ठेवत नाही.”

माझ्या गणितात एक चूक होती. सामान्य माणूस अवघड वाटलं की सोडतो, असं मी धरलं होतं. भाऊजींना अवघड वाटलं तेव्हा ते तयारीला लागले. रोज पहाटे पोशाख घालून इमारतीचे सात मजले चार वेळा चढायचे, आणि तेही लिफ्टवाला माणूस. शेजारच्या आजी त्यांना बघून म्हणाल्या, “लिफ्ट बंद पडली का हो?” पहिल्या आठवड्यात मांड्या सुजल्या. ताई रात्री तेल लावून द्यायची आणि मला फोन करायची.

“अगं, हा तर अजूनच चढलाय. म्हणतो, कष्ट पडतायत म्हणजे मी खरंच काहीतरी करतोय.”

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “अजून दोन पट्ट्या घाल.”

“ताई, पुरे. मी आहेत त्याच काढते.”

“काढायला गेलीस तर विचारेल ना, का म्हणून. काय सांगशील?”

तरी मी पुढच्या रविवारी काढायच्या असं ठरवलं. त्या रविवारी प्रयोगशाळेची तपासणी होती. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले, पण भाऊजी म्हणाले, “हात लावू नकोस त्याला, आता अंगाला बसलाय.” तिसऱ्या रविवारी मी दुपारी जेवून जरा आडवी झाले आणि उठले तेव्हा सहा वाजून गेले होते.

त्यानंतरच्या बुधवारी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, गल्लीतले घड्याळवाले काका दुकान बंद करत होते. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही कानांनी ऐकू येणं जवळजवळ बंद. घड्याळ चालतंय की नाही हे बघायला ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घड्याळाला लावायचे आणि मूठ दातांत धरायचे. टिकटिक हाडांतून कळते, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं आणि मी ते घरी जाऊन करून बघितलं होतं. त्या दिवशी शटर खाली ओढून ते कुलूप लावायला वाकले. पाण्याचा टँकर गल्लीत मागे मागे येत होता. चालकाला मागचं दिसत नव्हतं. लोक ओरडले. ज्याला ऐकू जायला हवं होतं त्यालाच ते ऐकू गेलं नाही.

भाऊजी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाजवळ होते. ते धावले. त्यांच्या बोटांना काकांच्या शर्टाची बाही लागली, पण धरता आली नाही. टँकरचा कोपरा भाऊजींच्या खांद्यावर आपटून ते बाजूला फेकले गेले. चाक काकांवरून गेलं. काका तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारले.

भाऊजींच्या खांद्याला काळंनिळं पडलं. मोडलं काही नाही.

“पोशाख होता म्हणून वाचला गं,” ताई मला मिठी मारून रडली. “तुझे किती उपकार.”

दहाव्या दिवशी काकांची मुलगी घरी आली. भाऊजी खुर्चीवरून उठले, तिने त्यांना बसवलं. म्हणाली, “तुम्ही धावलात. बाकीचे ओरडत उभे होते.” गल्लीतल्या लोकांनीही हेच म्हटलं. एकानेही बोल लावला नाही. पोरं दाराशी येऊन आडवेराव कधी येणार म्हणून विचारायची. ताई सांगायची, ते आता यायचे नाहीत.

तिला हवं होतं ते झालं होतं. सहा ते आठ भाऊजी घरी बसू लागले. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “बसतो म्हणजे नुसता बसतो. टीव्ही लावला तर लावू देतो. बंद केला तर करू देतो.” मग म्हणाली, “होईल ना गं नीट?”

“होईल,” मी म्हटलं.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी सातला, माझ्या खोलीची बेल वाजली. दारात भाऊजी. एका हातात पोशाखाची पिशवी, दुसऱ्या हातात कामावरची मोजपट्टी, तीस मीटरच्या पुढे जाणारी.

“चहा टाकू?”

“नको. ऑइलचा डाग धुवायला म्हणून अस्तर उसवलं,” ते म्हणाले. “डाग पाठीवर होता. आतली पट्टी हाताला लागली. मग मांडीचीही काढून बघितली.”

मी दारातून बाजूला झाले. ते आत आले नाहीत.

“लिफ्टला एक प्रतिवजन असतं. पेटीच्या विरुद्ध बाजूने ओढायला. बावीस वर्षं मी ती वजनं बसवतोय. मणक्याचं कवच वाकवलेलं असतं, त्याला आत गादी असते. हे सरळ लोखंड आहे, कडाही घासलेल्या नाहीत. याने काही वाचत नाही. हे ओढून धरायला आहे.” आवाज चढलेला नव्हता. एखाद्या इमारतीच्या सेक्रेटरीला बिघाड समजावून सांगावा तसे ते बोलत होते. “बरोबर आहे का?”

“बरोबर आहे.”

“मी थांबावं म्हणून?”

“हो.”

“तुझ्या डोक्यातून निघालं?”

ताईचं नाव माझ्या तोंडाशी आलं होतं. “पट्ट्या मी घातल्या,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. “घरी मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तिच्याबरोबर अजून वीस-पंचवीस वर्षं काढायची आहेत.” मग पिशवी माझ्या हातात दिली. “पट्ट्या परत जागेवर घातल्यात, टाकेही मारलेत. गल्लीतल्या स्टेशनरीवाल्याच्या कॅमेऱ्यात त्या दिवशीचं सगळं आलंय. मी चौदा वेळा बघितलं. माझं पहिलं पाऊल पडल्यापासून चाक त्यांच्यापर्यंत पोचायला सहा पॉइंट तीन सेकंद. आता तेवढं धावायला मला किती वेळ लागतो ते तू मोज.”

“भाऊजी, कशाला? याने काय होणार आहे?”

“तुझं कामच आहे ना ते? लोकांच्या वस्तू फोडून सांगतेस किती टिकल्या. मग माझंही सांग.”

गल्लीतली दुकानं अजून उघडली नव्हती. विजेच्या खांबापासून घड्याळांच्या दुकानाच्या शटरपर्यंत आम्ही मोजपट्टी टाकली. एकतीस मीटर. खडूने दोन रेघा मारल्या. स्टॉपवॉच प्रयोगशाळेचं होतं. चुकीची शक्यता कमी व्हावी म्हणून प्रत्येक प्रकारात तीन वेळा धावायचं आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांती, असं मी सांगितलं. माझा आवाज मला नेहमीसारखाच ऐकू आला.

आधी ते पूर्ण पोशाखात धावले. मग पोशाख काढून, साध्या शर्टात.

“झालं,” मी म्हटलं. “दोन्ही मिळाले.”

“झालं नाही. तू बनवलेला पोशाख कुठे मोजलास?” ते शटरसमोरच्या पायरीवर बसले, खिशातून ब्लेड काढलं आणि स्वतःच घातलेले टाके एक एक करून उसवले. चारही पट्ट्या पायरीवर ओळीने ठेवल्या. बाकी सगळं तसंच ठेवून पोशाख पुन्हा अंगावर चढवला. तोवर ते सहा वेळा धावून झाले होते. श्वास लागला होता, शर्ट ओला झाला होता. मी म्हटलं, अर्धा तास थांबू, नाहीतर आकडा खराब येईल. ते म्हणाले, “खराब आला तर बरंच की.”

मी शिट्टी वाजवली. ते धावले. पाच मिनिटांनी पुन्हा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा.

वहीत मी असं लिहिलं.

अंतर ३१ मीटर. कॅमेऱ्यातली वेळ ६.३ सेकंद.

पूर्ण पोशाख, १२.६ किलो: ६.९, ७.०, ६.८. सरासरी ६.९ सेकंद.

पोशाखाविना: ५.४, ५.३, ५.३. सरासरी ५.३ सेकंद.

पोशाख, चार पट्ट्या काढून, ६.२ किलो: ५.९, ५.८, ५.८. सरासरी ५.८ सेकंद.